आप्पा जेवायला बसले की मला उठून जावंसं वाटतं

कांडीवाली (वडगाव, बेळगाव)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. गेल्या आठवड्यात घरात जे घडलं त्यानंतर मात्र कुणाला तरी विचारल्याशिवाय राहवेना.

मी ३६ वर्षांची, हायस्कूलला शिकवते. घरी मी आणि माझे वडील, आप्पा. त्यांचं वय ७४. आईला जाऊन सहा वर्षं झाली. आप्पांचं जेवण आवाजाचं आहे. आमटीचा भुरका, भाकरी चावताना कवळीची टकटक, शेवटी बोटं चाटल्याचा आवाज. हे कानावर आलं की माझी छाती आवळते, मुठी आपोआप मिटतात आणि असा राग येतो की ताट उचलून भिरकावून द्यावं. ज्या माणसानं रात्रपाळ्या करून मला एम.ए., बी.एड. केलं त्याच माणसाचा राग. आवाज थांबला की दोन मिनिटांत राग जातो. मग पुढचे दोन तास मी स्वतःच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

आमचे दोन यंत्रमाग होते, घराच्या पुढच्या सोप्यातच. लहानपणी शाळेतून आले की मी कांड्या, म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, भरायला बसायची. मागाच्या खटखटीत शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागायचं, जेवणाचा आवाज कुठला ऐकू येणार! पण लोडशेडिंग व्हायचं. संध्याकाळी वीज गेली की दोन्ही माग एकदम गप्प. कंदिलाभोवती आम्ही जेवायला बसायचो आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा आप्पांचं चावणं ऐकू आलं. तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. ताट तसंच टाकून मी मागच्या दारी पळाले. आई पाठोपाठ आली, पोटात दुखतंय का विचारायला लागली. मी हो म्हणाले. त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या पोटात दुखत होतं.

२०१९ मध्ये माग विकले. सोपा रिकामा झाला, तिथं डायनिंग टेबल आलं. तेव्हापासून घरात जेवताना वीज कायमची गेल्यासारखी शांतता आहे.

मी काही बोलत नाही. पण दूध उतू जाईल म्हणून उठते, फोन आला म्हणून उठते, वह्या तपासायच्या आहेत म्हणून ताट खोलीत घेऊन जाते. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नाही. गेल्या मंगळवारी शाळेतून आले तर आप्पा मागच्या दारी, न्हाणीजवळच्या दगडावर बसून गुडघ्यावर ताट घेऊन जेवत होते. विचारलं, "आप्पा, हितं का बसलासा?" तर म्हणाले, "हितं वारं बरं लागतंय."

वारं नव्हतं. गेले पाच दिवस ते रोज तिथंच जेवायलेत.

असा त्रास आणखी कुणाला आहे का? मी काय करू?

तिसरं_रेल्वे_गेट

ताई, तुमचं लिहिणं वाचताना अंगावर काटा आला. मला वाटत होतं अख्ख्या टिळकवाडीत अशी मी एकटीच आहे. माझ्या बाबतीत नवऱ्याचा चहा. तोही सकाळी सहाला, बशीतून.

या त्रासाला नाव आहे हे आधी सांगते, कारण मला नाव कळलं त्या रात्री मी रडले होते. मिसोफोनिया. ग्रीकमध्ये मिसोस म्हणजे द्वेष आणि फोने म्हणजे आवाज. २००१ मध्ये जॅस्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञ दांपत्यानं हा शब्द वापरात आणला. नाव काही फार बरोबर नाही, कारण आपण सगळ्या आवाजांचा द्वेष कुठं करतो? ठरावीक आवाज, आणि बहुतेक वेळा ठरावीक माणसाचा. बहुतेकांना लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतं आणि जवळच्या माणसाच्या आवाजाला जास्त होतं. म्हणजे अकराव्या वर्षी, वडिलांच्या जेवणानं, हे तुमच्या मनाच्या वाईटपणातून आलेलं नाही. असंच ते येतं.

मार्कंडेय_काठ (उचगाव)

ताई, राग मानू नका, मनापासून लिहितोय. आमच्या घरात चौदा माणसं. लावणीच्या दिवसांत बांधावर पंगत बसते, सगळे भुरके मारून जेवतात. आपल्यात भुरका मारला म्हणजे आमटी जमली असं समजतात. मिटक्या मारत खाणारा माणूस बघून करणारीचा जीव भरतो. म्हातारा बाप जेवतोय हाच आवाज किती दिवस ऐकायला मिळणार आहे? जरा मन घट्ट करून रोज समोर बसा, सवय होईल. सवयीनं सगळं जातं.

कांडीवाली

दादा, राग नाही आला. तुम्ही म्हणता ते खरं आहे म्हणून तर जास्त लागतं. आप्पांनी "आमटी छान झाली" असं आयुष्यात तोंडानं म्हटलेलं नाही. आई भुरक्यावरून ओळखायची, चिंच बरोबर पडली की नाही. पहिला भुरका लांब आला की ती चुलीपुढून वळून बघायची, एवढंच. त्या घरातली भुरक्याची किंमत मला माहीत आहे. आणि तरी तो ऐकू आला की माझ्या मुठी मिटतात. पंचवीस वर्षं समोर बसलेय दादा. सवय झाली नाही.

श्रवण_निपाणी

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा आहे, म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत शिकलो. तिथल्या संशोधकांनी म्हैसूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये या त्रासाचा अभ्यास केलेला आहे, त्यामुळे हे फक्त परदेशातलं फॅड आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना जाचक म्हणावा इतका त्रास असल्याचं दिसलं.

कांडीवालीताई, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मागाची खटखट तुम्हाला कधीच लागली नाही. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, यंत्रमागाच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. त्या आवाजात तुम्ही कांड्या भरल्या, अभ्यास केला. म्हणजे तुमचे कान नाजूक नाहीत. आवाज मोठा झाला की कुणाचाही, कसलाही सोसत नाही, तो वेगळा त्रास, त्याला हायपरअक्युसिस म्हणतात. तुमचं तसं नाही. तुम्हाला लागतो तो हळू आवाज, पण तोंडाचा.

२०१७ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी असा त्रास असलेल्यांना आणि नसलेल्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये आवाज ऐकवले. पावसासारखे साधे आवाज, बाळाच्या रडण्यासारखे कुणालाही नकोसे वाटणारे आवाज, आणि चावण्याचे, श्वासाचे आवाज. पहिल्या दोन प्रकारांना दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखाच आला. चावण्याच्या आवाजाला मात्र त्रास असलेल्यांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग, कशाकडे लक्ष द्यायचं आणि शरीरात काय चाललंय याची जुळणी करणारा, एकदम पेटला. नाडी वाढली, तळव्यांना घाम आला. हे कुणी ठरवून करू शकत नाही.

त्याच मंडळींचं २०२१ चं काम तर मला तुमच्यासाठी जास्त उपयोगाचं वाटतं. त्यात दिसलं की या लोकांत ऐकण्याचा भाग आणि स्वतःचं तोंड, जबडा हलवण्याचा भाग यांची जोडणी जास्त घट्ट असते. समोरच्याचं चावणं जणू आपल्या तोंडात शिरतं. म्हणून कित्येकांना नुसता हलणारा जबडा दिसला तरी त्रास होतो.

मार्कंडेयदादा, यासाठीच "समोर बसा, सवय होईल" हे चालत नाही. बळजबरीनं बसवलं की माणूस आणि संताप यांची गाठ आणखी घट्ट बसते.

आणि ताई, एक प्रश्न. आप्पांच्या कानांची तपासणी कधी केलीय का? इतकी वर्षं मागाशेजारी, कानात बोळाही न घालता. बारीक, उंच पट्टीचे आवाज त्यांना ऐकूच येत नसतील. कवळीची टकटक, बोटांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल.

राजहंसगड

मी इंजिनिअरिंगला आहे, येळ्ळूरहून येऊन-जाऊन करतो. मला च्युइंगम, आणि बसमध्ये शेंगा-चिरमुरे. खानापूर बसमध्ये शेजारी कुणी भडंगाची पुडी फोडली की मी दोन स्टॉप आधी उतरलोय, पावसात.

मला एक गोष्ट आपोआप सापडली. शेजाऱ्यानं पुडी काढली की मीही माझी काढतो. आपल्याच तोंडात कुरुमकुरुम असलं की त्याचं ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तितकं लागत नाही. आता वर जबड्याचं वाचल्यावर कारण कळल्यासारखं झालं. दप्तरात कायम चिरमुरे असतात.

हेडफोन मात्र मी इतके वापरले की लायब्ररीत पान उलटल्याचाही त्रास व्हायला लागला. सर, हे खरं असतं का?

श्रवण_निपाणी

असतं. दिवसभर कान बंद ठेवले की मेंदू ऐकण्याची पट्टी वाढवून घेतो आणि बारीकसारीक आवाजही ठळक होतात. बोळे अडीअडचणीला, परीक्षेच्या हॉलमध्ये वगैरे. एरवी शांतता शोधू नका. मागे काहीतरी मंद, एकसारखा आवाज ठेवा: पंखा, रेडिओ, पावसाचं रेकॉर्डिंग. जेवणाचा आवाज पूर्ण बुडवायचा नाही, त्याच्या कडा बोथट करायच्या.

चिकोडी_माहेर

मी माझी चूक सांगते, म्हणजे ताई तुम्ही ती करणार नाही.

माझ्या सासूबाई जेवणानंतर अडकित्त्यानं सुपारी कातरायच्या आणि तासभर चघळायच्या. मी नऊ वर्षं गिळत राहिले. एका गौरीच्या जेवणाला, घरात पंचवीस माणसं असताना, माझ्या तोंडून गेलं, "तुमचं तोंड जरा बंद ठेवा हो." सगळं घर गप्प झालं. सासूबाईंनी सुपारी तळहातावर काढली आणि उठून गेल्या. त्या त्यानंतर माझ्यासमोर काहीही खाईनाशा झाल्या. साधा चहासुद्धा.

माझं कारण मी त्यांना कधीच सांगू शकले नाही. सांगायला शब्दच नव्हते. त्या गेल्या. अडकित्ता माझ्या कपाटात आहे.

तुमच्याकडे आता शब्द आहेत. आप्पांशी बोला. पण जेवताना नको, जेवणाआधीही नको. पोट भरलेलं आणि मन शांत असेल अशा वेळी. आणि "तुमचा आवाज" असं सुरू करू नका. "मला लहानपणापासून एक त्रास आहे" इथून सुरू करा.

कॅम्पातली

चिकोडीताईंशी पूर्ण सहमत. माझ्या मुलाला हा त्रास आहे, तो तेरा वर्षांचा. आम्हाला एका दवाखान्यात "लाडावलेला आहे, उपाशी ठेवा" असं सांगितलं होतं. दुसरीकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरचे सगळे त्याच्यावरच उलटले. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या आजारांच्या याद्यांत हा आजार स्वतंत्र नावानं नाही, त्यामुळे फाइलवर लिहायला रकाना नसतो. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन याची एकमतानं व्याख्या ठरवली, ती मी छापून नेली तेव्हा पुढच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं.

आम्हाला फरक पडला तो धारवाडला मानसोपचाराच्या बैठका सुरू केल्यावर. विचार-वर्तन उपचार म्हणतात. ॲमस्टरडॅममध्ये ५४ जणांच्या अभ्यासात तीन महिने गटानं हा उपचार करून पाहिला होता, त्यात उपचार मिळालेल्या गटातल्या ३७ टक्के लोकांना ठळक फरक पडला. सगळ्यांना नाही, हेही सांगते. माझ्या मुलाचा त्रास गेलेला नाही. पण आता तो ताट आपटत नाही, "आई, मी पाच मिनिटं बाहेर जाऊन येतो" म्हणतो आणि खरंच पाच मिनिटांनी येतो. हा माझ्यासाठी फार मोठा बदल आहे.

जायला जमत नसेल तर सरकारी टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

मार्कंडेय_काठ

सगळं वाचलं. दोन दिवस डोक्यात हेच चाललंय. माझा पुतण्या, आठवीला आहे. तो सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही, ताट घेऊन माडीवर जातो. याच कारणावरून त्यानं मार खाल्लाय. मीही एकदा मारलंय.

त्याला विचारायचं कसं?

कॅम्पातली

दादा, शेतावर जाताना गाडीवर मागे बसवून विचारा. तोंडाकडे बघायला लागत नाही म्हणून मुलं बोलतात. "जेवताना कुठला आवाज नको वाटतो का रे?" एवढंच. उत्तर आलं नाही तरी पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याला कळलेलं असतं तुम्हाला माहीत झालंय ते.

श्रवण_निपाणी

आणि पंगतीबद्दल एक. जुनी पंगत या लोकांसाठी टेबलापेक्षा बरी. भिंतीला पाठ लावून एका ओळीत बसलं की कुणाचा जबडा समोर येत नाही. त्याला ओळीच्या टोकाला, दाराकडच्या बाजूला बसवा.

कांडीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा.

रविवारी दुपारी आप्पा सोप्यात पडले होते, मी शेजारी भाजी निवडत बसले. चिकोडीताईंनी सांगितलं तिथूनच सुरुवात केली. लोडशेडिंगची संध्याकाळ सांगितली, खोटं खोटं पोटात दुखणं सांगितलं. म्हटलं, मला काही आवाज सोसत नाहीत, डोक्यातली एक तार चुकीची जोडलीय, तुमचं काही चुकत नाही. ते छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलं तुला माझी किळस यायलीय. म्हातारपणात येतीया माणसाची किळस."

मी भाजी खाली ठेवली. पुढचं इथं लिहीत नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कसला आवाज? मी काय आवाज काढतोय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. निपाणीचे सर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. तपासणीत उंच पट्टीचं ऐकणं दोन्ही कानांत बरंच गेलेलं आहे. मशीन नको म्हणतात सध्या. मी मागे लागलेली नाही. कवळी मात्र सैल होती, हिरड्या आक्रसल्यात. दातांच्या डॉक्टरांनी आतून नवीन थर देऊन ती घट्ट केली. टकटक थांबली आणि त्यांना भाकरीही नीट चावता यायला लागली. कितीतरी महिने ते भाकरी आमटीत कुस्करूनच खात होते, हे मला तेव्हा कळलं. मी आवाज ऐकत होते, त्यांचे हाल बघत नव्हते.

टेबल खिडकीकडे सरकवलं. आता आम्ही भिंतीला पाठ लावून, पाटावर, शेजारी शेजारी बसतो. मीही त्यांच्याबरोबर तेच खाते. रेडिओ लावून बघितला, धारवाड केंद्र. पण आप्पांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की मला जेवण जात नाही, आणि बातम्या लागल्या की ते घास हातात घेऊन थांबतात.

शेजारचे काका रोज संध्याकाळी कुंपणावरून विचारतात, "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) त्यांचे चार माग अजून चालू आहेत. एका संध्याकाळी आप्पा त्यांना म्हणाले, "तुमचा माग चालू असला की जेवण बरं जातंय." माझ्या डोक्यात तेव्हा आलं. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या शेडमध्ये गेले आणि फोनवर पाऊण तास मागाचा आवाज भरून आणला.

आता जेवताना तो लावतो, अगदी बारीक, दारामागे माग चाललाय असं वाटावं इतपत. भुरका ऐकू येतो. पण खटखटीच्या मधूनमधून येतो, पूर्वीसारखा. काही दिवस तरीही उठावं लागतं. तेव्हा मी "आप्पा, आलेच" म्हणते आणि दारापर्यंत जाऊन येते. ते मान हलवतात आणि जेवत राहतात. मागच्या दारी ताट गेलेलं नाही.

काल रात्री चिंचेची आमटी केली होती. पहिला भुरका लांब आला. मुठी मिटल्या, हे खरंच सांगते. पण मी वळून बघितलं, आई बघायची तसं. आप्पा घास तोंडापाशी धरून थांबले होते, मान तिरकी करून फोनकडे कान देऊन.

"बाळा," ते म्हणाले, "ह्या मागाचा धोटा नीट बसत न्हाई बघ. उद्या काकाला सांग."